एकेचाळीस हजार भेटी

रुतिका तांडेल नेमकं काय काम करते, हे तिच्या घरात कुणालाच धड सांगता येत नसे. कुणी विचारलं तर तिची आई कमळी "कम्प्युटरवर हाय" एवढं बोलून पुढ्यातली कोळंबी सोलायला लागायची. वडील जयदेव नुसते हसायचे. सत्यभामा काकी मात्र ठासून सांगायची, "आमची रुतिका सरकारी कागद मशिनीत घालते. ती नसली तर सरकारला कागद गावनार नाय." ऐकणाऱ्याला ते खरं वाटायचं, आणि रुतिकाही कधी दुरुस्त करायला गेली नाही.

नेरूळच्या सेक्टरांना पाठ लावून खाडीच्या तोंडाशी जो कोळीवाडा आहे, तिथे तांडेलांची दोन घरं एका भिंतीची. एकात जयदेव, कमळी आणि रुतिका. दुसऱ्यात एकटी काकी. काका काविळीने गेला त्याला नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. काकाची होडी त्याच्या आजारपणातच विकली गेली, पण काकीला होडी लागतच नव्हती. ओहोटी लागली की ती लुगडं वर खोचून खाडीच्या चिखलात उतरायची, बिळात कोपरापर्यंत हात घालून चिंबोऱ्या काढायची, निवट्या, म्हणजे चिखलात उड्या मारणारी छोटी मासळी, धरायची, खडकावरची कालवं फोडून आणायची. भरतीचं पाणी पायाला लागलं की वर. उजव्या हाताची दोन बोटं एका मोठ्या चिंबोरीने अशी धरली होती की ती पुन्हा कधी पुरती मिटली नाहीत. तिने आणलेला माल कमळी बाजारात विकायची. रुतिकाच्या कॉलेजची शेवटची दोन वर्षं त्याच चिखलातून निघाली होती. घरात ते सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणी बोलून दाखवत नव्हतं.

सव्विसाव्या वर्षी रुतिका नेरूळ स्टेशनजवळच्या एका छोट्या कंपनीत होती. खाली दहावी-बारावीचे क्लास, वरच्या मजल्यावर ही आठ माणसं. मालक विश्वजित, चाळिशीचा, बोलायला गोड आणि कामाला घाईचा. त्याला एक सरकारी काम मिळालं होतं. जासईकडे कंटेनर नेणाऱ्या एका नव्या रस्त्यासाठी खाडीत भराव पडणार होता आणि काठच्या गावांची मासेमारी त्यात जाणार होती. कुणाकुणाची जाते हे ठरवून भरपाई द्यायला 'खाडी बाधित कक्ष' म्हणून एक कार्यालय उघडलं होतं. त्यांना वेबसाइट हवी होती. बाधितांची यादी साइटवर लागणार, लोकांनी आपलं नाव शोधायचं, नाव नसेल तर पंचेचाळीस दिवसांच्या आत तिथेच हरकत नोंदवायची. मुदत संपली की यादी पक्की.

साइट रुतिकानेच बांधली. यादी लागायच्या आधी महिनाभर ती नुसतीच माहितीची पानं घेऊन उभी होती, आणि तेवढ्यातच कक्षाच्या साहेबांचा विश्वजितला फोन आला. पानात बसवलेला फुकटातला काउंटर महिन्याभरात नव्वदच माणसं दाखवत होता.

"साहेब जाम भडकलेत," विश्वजित तिच्या टेबलापाशी येऊन म्हणाला. "एवढा खर्च केला आणि नव्वद? म्हणतात, वर काय तोंड दाखवू. अगं, तो काउंटर ब्राउझरमध्ये चालतो ना, अर्ध्या मोबाइलवर ब्लॉक होतो. आपण सर्व्हरवरच मोजू या. पान मागायला जो येईल तो दारातच मोजला जाईल. कर ना तेवढं. यादी लागायच्या आत पाहिजे."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गावातल्या जुन्या फोनवर तो काउंटर खरोखरच चालत नसे, तिने स्वतः पाहिलं होतं. चार दिवसांत तिने काम उरकलं. साइटचं कुठलंही पान कुणी मागितलं की ते देण्याआधी सर्व्हर एक ओळ लिहून ठेवी: वेळ, पान कुठलं, मागणाऱ्याने स्वतःची सांगितलेली ओळख, म्हणजे मोबाइल, कम्प्युटर की आपोआप चालणारं यंत्र, आणि तो जिथून आला तो इंटरनेटवरचा पत्ता. पत्ता जसाच्या तसा ठेवायचा तिला धीर होईना. आपल्या गावातली कुठली बाई कुठल्या दिवशी काय शोधत होती, याची वही कायमची सरकारकडे का राहावी? म्हणून तिने पत्त्याचा शेवटचा भाग गाळून टाकला, म्हणजे कुठल्या भागातून आला ते कळेल, कोण ते नाही, आणि वर एक नियम घातला, की तीस दिवसांपेक्षा जुन्या ओळी आपोआप पुसल्या जातील, दर दिवसाची बेरीज तेवढी राहील. विश्वजितला कारणाशी देणंघेणं नव्हतं. जागा वाचते म्हटल्यावर तो खूश झाला.

रोजच्या बेरजेच्या तक्त्याला तिने मथळा दिला 'भेटी'.

आणखी एक गोष्ट तिने त्याच आठवड्यात केली. साइट बंद तर पडली नाही ना, हे पाहायला दोन शहरांतली दोन यंत्रं दर पाच मिनिटांनी एक पान उघडून बघत. कुठलं पान उघडायचं ते आपण सांगायचं. रुतिकाने यादीचंच पान दिलं, कारण ते उघडलं म्हणजे मागची सगळी माहितीही शाबूत आहे हे कळे. कामाच्या दृष्टीने ते बरोबरच होतं.

यादी लागली त्या दिवशी शोध चालतो का पाहायला तिने चौकटीत 'जयदेव' लिहिलं. वडिलांचं नाव, गाव, होडीचा नंबर, सगळं बरोबर आलं. संध्याकाळी तिने घरी सांगितलं.

"आपला काम झाला," जयदेव म्हणाला.

काकी उंबऱ्यात बसून जाळीच्या पिंजऱ्याची तार पिळत होती. "माजा पन हाय ना रं त्यात?"

"येकच घर हाय ना आपला?" जयदेव म्हणाला. "तुजा येगला कशाला पायजे?"

रुतिका जेवत होती. तिनेही मान हलवली. 'सत्यभामा' ही चारच अक्षरं लिहायची होती, पण तिच्या ते मनात आलं नाही.

पहिल्या आठवड्याची बेरीज आली सहा हजार चारशे अठरा. रुतिकाला ती खरी वाटेना. तिने एकेक ओळ उघडून पाहिली आणि तासाभरात तिला सगळं कळलं. चार हजार बत्तीस भेटी त्या पाच-पाच मिनिटांच्या तपासणीच्या. दोन हजार तीनशे पंचवीस भेटी इंटरनेटभर हिंडून पानं गोळा करणाऱ्या आणि पासवर्डची दारं खडखडवत फिरणाऱ्या यंत्रांच्या. उरल्या एकसष्ट. त्यातल्या अडतीस भेटी कक्षाच्या आणि त्यांच्या स्वतःच्या ऑफिसातल्या. राहता राहिल्या तेवीस. सगळ्या खाडीकाठच्या गावांतून, आठवड्याभरात, तेवीस.

तिने विश्वजितला मेल लिहिली. आकडे जसेच्या तसे दिले आणि शेवटी लिहिलं, 'सर, यंत्रं वेगळी काढल्याशिवाय हा रिपोर्ट पाठवू नये. मला दहा दिवस लागतील.'

उत्तर मेलने आलंच नाही. विश्वजित चहाच्या वेळी म्हणाला, "तुझी मेल बघितली. ते फिल्टर-बिल्टर पुढच्या फेजमध्ये करू. आत्ता साहेब खूश आहेत, कशाला टेन्शन?"

"पण सर, ही माणसं नाहीयेत."

"आपण माणसं लिहिलंय का कुठे? भेटी लिहिलंय. तूच लिहिलंयस. भेटी झाल्या का नाही?"

झाल्या होत्या. तिच्या माथ्यावर आणखी तीन साइटी होत्या, त्यातली एक हॉस्पिटलची आणि तिची मुदत उलटून गेलेली. ती जागेवर जाऊन बसली.

पंचेचाळीस दिवसांत हरकती आल्या अकरा. त्यांच्या गावातून एकही नाही. एकूण भेटी एकेचाळीस हजार दोनशे साठ. पुढच्या महिन्याभरात नियमाप्रमाणे ओळी एकेक करून पुसल्या गेल्या, बेरीज राहिली.

चार महिन्यांनी जयदेवला कक्षाचं भरपाईचं पत्र आलं. गावात ज्यांच्या होड्या होत्या त्या सगळ्यांना आलं. काकी दोन दिवस पोस्टमनची वाट पाहत राहिली, मग तिसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून तिने रुतिकाला हाक मारली.

"पोरी, तुजे बापाचा आयला. माजा कवा येनार?"

रुतिकाने फोनवर साइट उघडली. 'सत्यभामा' लिहिलं. काही आलं नाही. काकाचं नाव लिहिलं. ते आलं, आणि पुढे 'मयत, वगळले' असं होतं. यादी मच्छीमार सोसायटीच्या होड्यांच्या नोंदवहीवरून केली होती. होडी नाही त्याचं नाव नाही. गावात हाताने मासळी धरणाऱ्या तीस-बत्तीस बाया होत्या, एकीचंही नव्हतं.

तिने तेव्हाच काकीला सांगायला हवं होतं. ती म्हणाली, "बघते मी, ऑफिसात विचारते," आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

आठवड्याने तिने सांगितलं, मुदत उलटून गेली होती तरी बायांनी कक्षाकडे लेखी हरकत दिली, आणि तिची सुनावणी बेलापूरला झाली. काकी, आणखी चार बाया आणि रुतिका, अशा सहाजणी तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत गेल्या. रुतिकाने अर्धा दिवस सुट्टी टाकली होती, कारण सांगितलं नव्हतं. अधिकारी तरुण होते, वागायला सभ्य. त्यांनी बायांना बसायला खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं.

"मावशी, तुमचं म्हणणं मला पटतं," ते म्हणाले. "पण मुदत होती ना? तेव्हा का नाही आलात?"

"मना कोनी सांगलाच नाय," काकी म्हणाली. "मी कवा वाचू? मी खाडीत असते."

साहेबांनी फाइलमधून एक कागद काढला. "यादी साइटवर होती, पेपरात जाहिरात होती. आणि हे बघा. एकेचाळीस हजार नागरिकांनी यादी पाहिली. एकेचाळीस हजार! हरकत अकराच जणांनी घेतली. आता लोकांना माहीत नव्हतं असं मी कसं लिहू?"

कागदावरचा तक्ता रुतिकाच्या हातचा होता. मथळा मात्र बदलला होता. 'भेटी'च्या जागी कुणीतरी 'नागरिक' लिहिलं होतं.

"सर, ती माणसं नव्हती," ती उभी राहून म्हणाली. "त्यातल्या जवळजवळ सगळ्या भेटी यंत्रांच्या आहेत. साइट चालू आहे का बघणारी यंत्रं. मला माहीत आहे, ते मोजायचं काम मीच केलंय."

साहेबांनी चष्मा काढला. "तुम्ही त्या कंपनीत आहात?"

"हो."

"मग त्या नोंदी आणा. एकेक भेट कुणाची ते दाखवा. मी लगेच फेरविचाराला पाठवतो."

"नोंदी पुसल्या गेल्यात, सर. तीस दिवसांनी पुसल्या जातात."

"कुणी पुसल्या?"

"तसा नियम आहे सिस्टिममध्ये."

"कुणी केला?"

रुतिका म्हणाली, "मी."

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ठेवला. ते रागावले नाहीत, आणि रुतिकाला वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं.

बाहेर बसस्टॉपवर बाकीच्या बाया जरा लांब जाऊन उभ्या राहिल्या. काकी तिच्यापाशी आली. "येकेचालीस हजार मानसा," ती म्हणाली. "आपले गावात तर दोन हजार पन नाय. मंग ती कोन व्हती?"

"माणसं नव्हती, काकी. मशिनी होत्या."

"कोनाच्या?"

रुतिकाने खरं तेच सांगितलं. दोन मशिनींना यादी बघायला तिनेच सांगितलं होतं, कोण येतं-जातं ते तिनेच मोजलं होतं, मोजल्याचा पुरावा तिनेच पुसायला लावला होता. काकी नीट ऐकत होती. मध्येच तिने विचारलं, "आनि माजा नाव? ता तू तवा बगितलास?"

"बाबांचं बघितलं."

"बरा," काकी म्हणाली. बस आली तेव्हा ती इतर बायांबरोबर पुढे जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी रुतिकाने विश्वजितला गाठलं. पहिल्या आठवड्याची ती मेल तेवढी कंपनीच्या मेलबॉक्समध्ये शिल्लक होती. बॅकअप दोन आठवड्यांपलीकडे ठेवतच नसत. तिने एकच मागणी केली. कंपनीने कक्षाला दोन ओळींचं पत्र द्यावं, की भेटी म्हणजे नागरिक नव्हेत.

विश्वजितने पेनाचं टोपण लावलं. "रुतिका, तू मला आवडतेस, काम चांगलं करतेस. पण हे पत्र दिलं ना, तर आपण खोटा रिपोर्ट दिला असं होतं. ह्या आठ जणांचं काय करू मी? तुझ्या काकीला काहीतरी मदत करू या ना आपण, पर्सनली."

"तिला मदत नकोय. तिचं नाव पाहिजे."

"मग मी काय करू शकत नाही."

त्या आठवड्यात हरकत फेटाळल्याचा कागद आला आणि गावातल्या बायांनी अॅडव्होकेट मंजुषा म्हणून एक वकीलबाई गाठल्या. रुतिकाने ती मेल छापून त्यांच्या हातात दिली. "नोकरी जाईल तुझी," वकीलबाईंनी आधीच बजावलं. रुतिका म्हणाली, "माहीत आहे." मेल फेरविचाराच्या अर्जाला जोडली गेली, आणि अर्जाची प्रत कक्षाकडून विश्वजितकडे पोचायला चारच दिवस लागले. त्याने आरडाओरडा केला नाही. कंपनीची गोपनीय माहिती बाहेर दिली, असं एक पानाचं पत्र तिच्या हातात ठेवलं आणि लॅपटॉप मागितला.

अर्जाचा निकाल दोन महिन्यांनी आला. 'एका आठवड्याच्या खाजगी पत्रव्यवहारावरून संपूर्ण मुदतीबाबत निष्कर्ष काढता येत नाही. मूळ नोंदी अर्जदारांच्याच साक्षीदाराने नष्ट केल्याचे तिने मान्य केले आहे. हरकत मुदतबाह्य. अर्ज फेटाळण्यात येत आहे.' वकीलबाईंनी कागद वाचून दाखवला तेव्हा एक बाई मध्येच म्हणाली, "तांडेलाचे पोरीनीच घात केला." कुणी तिला गप्प केलं नाही. जयदेवने त्या दिवसापासून जेट्टीवर बसायला जाणं सोडलं. कमळीच्या टोपलीपाशी गावातल्या बाया थांबेनाशा झाल्या, आणि गिऱ्हाइकं काय ती सेक्टरातलीच उरली.

मग खाडीच्या कडेने निळे पत्रे उभे राहिले आणि डंपर सुरू झाले. काकी दोन पत्र्यांच्या फटीतून पूर्वीसारखीच चिखलात जात राहिली. तो चिखल तिला उभा जन्म ओळखीचा, कुठे पाय धरतो, कुठे रुततो, डोळे मिटून सांगेल. पण भरावाच्या मातीने खालचं सगळं ढकललं गेलं होतं. एका सकाळी नेहमीच्या जागी तिचा पाय गेला तो थेट कमरेपर्यंत. ओरडली तरी डंपरच्या आवाजात कुणाला ऐकू जाईना. पाणी चढायला लागलं होतं. पोकलेनवाल्या एका परप्रांतीयाने वरून पाहिलं आणि यंत्राचा हात पुढे करून तिला दोराने ओढून काढलं. त्यात तिचा उजवा खांदा निखळला.

रुतिका हॉस्पिटलात पोचली तेव्हा काकीच्या केसांतला चिखल वाळून पांढरा झाला होता. रुतिकाने ओल्या फडक्याने तो पुसायला घेतला. काकीने तिला पुसू दिलं. मग म्हणाली, "खालची जमीन हालली गो. माजी ती जमीनच नाय रायली."

खांदा बसला, पण बिळात घालण्याइतका हात पुन्हा वळला नाही. आता ती उलव्याला एका सोसायटीत जिने पुसते. सकाळी सहाची बस, चौदा मजले, डाव्या हाताने. रुतिकाला वर्षभर कुणी घेईना. आधीच्या कंपनीला फोन गेला की बोलणं तिथेच तुटायचं. शेवटी महाप्याला एका ठिकाणी दुसऱ्यांच्या साइटींमधल्या चुका शोधायचं काम मिळालं, आधीच्या अर्ध्या पगारावर. भिंतीपलीकडे काकी तिला टाकून बोलत नाही. भाजी दिली तर घेते. फक्त आपल्या कामाचं काही विचारत नाही आणि रुतिकाच्या कामाचं कुणाला काही सांगत नाही.

वकीलबाईंनी वरच्या कोर्टात अपील टाकलंय. पहिल्या तीन तारखा नुसत्याच पुढे गेल्या. चौथीच्या आदल्या संध्याकाळी रुतिका काकीकडे गेली.

"उद्या तारीख आहे. येतेस?"

"सुट्टी देत नाय तो सुपरवायजर. गेल्या टायमाला अर्धा दिवस कापला." काकी पायाला तेल चोळत होती. "तू जा. माजी सही हाय ना तुज्याकडं?"

"आहे."

"मंग जा."

रुतिका गेली. वकीलबाई दुसऱ्या कोर्टात अडकल्या होत्या, ती सकाळी दहापासून बाकावर बसून राहिली. साडेतीनला पुकारा झाला, "सत्यभामा तांडेल आणि इतर, हजर?" ती उठली, दाराशी गेली, म्हणाली, "मी त्यांची पुतणी." शिरस्तेदाराने मान वर न करता विचारलं, "अर्जदार कुठायत?"

"कामावर आहेत."

त्याने रजिस्टरात 'अर्जदार गैरहजर' असं लिहिलं, पुढची तारीख एका चिठोऱ्यावर टाकून तिच्याकडे सरकवली आणि खालचं नाव पुकारलं.